त्या वेळची मॅट्रिक

३१ मे १९९६, शुक्रवार

आज रिटायर झाले. टेलिफोन ऑफिसात निरोप समारंभ झाला. डिव्हिजनल इंजिनिअरने भाषण केलं. त्याचं वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. म्हणाला, जेजुरकर मॅडमनी पदवी नसूनही ट्रंक एक्स्चेंज समर्थपणे सांभाळलं.

पदवी नसूनही. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. एके काळी या जिल्ह्यात कलेक्टरला मुंबईशी बोलायचं तर आधी माझ्याशी बोलावं लागे. तेव्हा कोणी पदवी विचारली नाही. लाइन लावून द्या एवढंच म्हणत, तेही विनंतीच्या सुरात.

ठराव: बी.ए. करायचं. इंग्लिश लिटरेचर. रेग्युलर, वर्गात बसून, पहिल्या बाकावर. तीन वर्षांनी त्या इंजिनिअरला पेढे द्यायचे आणि म्हणायचं, पदवी असूनही तुमचं इंग्रजी आहे तिथेच आहे.

१ जून

घरी जाहीर केलं. धाकटा भाऊ बहिरू झेंडूचं पोतं शिवत होता. म्हणाला, अक्का, लय चांगलं. असं तो पोतं उसवलं तरी म्हणतो. वहिनी म्हणजे कलाबाई. ती म्हणाली, वर्गात गेलात की पोरं उभी राहतील, नवी मास्तरीण आली म्हणून. मी म्हटलं, राहू देत. शिस्त कुठून तरी सुरू व्हावी लागते.

कॉलेज ठरवलं. मखमलाबाद रोडलाच, आमच्या मळ्यापासून चालत जाण्यासारखं, नुकतंच निघालेलं, पत्र्याच्या छताचं. मोठ्या कॉलेजात गर्दी फार. लहान कॉलेजला माझ्यासारख्या विद्यार्थिनीची किंमत कळेल.

माझी पात्रता: मॅट्रिक, १९५५, कॉन्व्हेंट, बावन्न टक्के. त्या वेळची मॅट्रिक म्हणजे आजचा एम.ए. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. तेव्हाचे बावन्न म्हणजे आजचे कमीत कमी ब्याण्णव. तसं पाहिलं तर मी एम.ए. आहेच. फक्त बी.ए. व्हायचं राहिलंय.

६ जून

बारावीचा निकाल. बहिरूची मुलगी शुभांगी नापास. विषय इंग्रजी. शंभरात एकोणतीस.

माझ्या घरात इंग्रजीत नापास. हे म्हणजे माळ्याच्या दारात प्लास्टिकची फुलं. तिला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. गुलछडीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, आत्या, ऑक्टोबरला निघेल. निघेल म्हणजे काय, काटा आहे का तो?

ठराव: उद्यापासून पहाटे पाच ते सहा शुभांगीचा इंग्रजीचा तास. आधी नखं तपासणार. आमच्या मदर आग्नेस तपासायच्या तशी. नखं स्वच्छ तर व्याकरण स्वच्छ. शुभांगीची नखं झेंडूने पिवळी असतात.

मला कॉन्व्हेंटमध्ये घेतलं तेही नखं बघून. आमचे दादा, म्हणजे वडील, कोंडाजी, कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये फुलं पोचवायचे. एकदा मी टोपलीबरोबर गेले. मदरनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, एक प्रश्न विचारला आणि म्हणाल्या, सोमवारपासून ये. फॉर्म नाही, झेरॉक्स नाही, वशिला नाही. याला म्हणतात ॲडमिशन. माणूस बघायचं, कागद नाही.

हे जेवताना सांगितलं तर बहिरू म्हणतो, अक्का, नखं नाय. दादांनी गुलछडीचं बिल कधी धाडलं नाय चॅपलला, म्हणून घेतलं तुला.

या माणसाला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरले आहे.

७ जून

तास झाला नाही. मी पाचला तयार होते. शुभांगी चारलाच बहिरूबरोबर फुलबाजारात गेली होती. शिक्षणाचा आणि झेंडूचा या घरात कायमचा झगडा आहे.

१० जून

कॉलेजातून फॉर्म आणि माहितीपुस्तक आणलं. मुखपृष्ठावर 'addmission'. आत तर विचारायला नको. प्राचार्यांच्या संदेशात क्रियापदच नाही. दुपारभर बसून लाल शाईने सगळं पुस्तक दुरुस्त केलं आणि चारला परत नेऊन दिलं. त्यांच्याच भल्यासाठी.

खिडकीत झुंबर नावाचा क्लार्क आहे. मान वर न करता म्हणाला, मावशी, पोरीचा फॉर्म का? मी म्हटलं, माझा. तेव्हा मान वर केली. म्हणाला, बारावीची मार्कशीट द्या. मी म्हटलं, आमच्या वेळी बारावी नव्हती. मग अकरावीची द्या. मी म्हटलं, आमची अकरावी म्हणजेच मॅट्रिक. त्याने माझं सर्टिफिकेट उजेडाकडे धरून पाहिलं, नोट खरी आहे का बघतात तसं. म्हणाला, असलं काय आलं नव्हतं आजवर. सरांना दाखवतो. तवर गॅप सर्टिफिकेट आणा.

गॅप म्हणजे काय म्हटलं. म्हणाला, शिक्षणात खंड पडला ना तुमचा, त्या काळात तुम्ही काय करत होता ते कोर्टाच्या कागदावर पाहिजे.

मी काय करत होते. मी काय करत होते हे त्याच्या बापाला विचारावं. त्याने कधी ट्रंक कॉल बुक केला असेल तर.

शुभांगीचा तास नाही. दिवसभर दुरुस्त्यांत गेला.

१२ जून

सीबीएस स्टँडजवळ कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात. गॅप सर्टिफिकेट म्हटल्याबरोबर न विचारता टाइप करायला लागला. मजकूर त्याला पाठ. मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात खंड पडला, सदर कालावधीत मी अन्यत्र प्रवेश घेतला नाही व कोणत्याही गुन्ह्यात माझा सहभाग नव्हता.

मी म्हटलं, घरगुती अडचण काढा. केंद्र सरकारची नोकरी लिहा. तो म्हणाला, बाई, सगळे अडचणच लिहितात, कॉलेजला तीच आवडते. मी म्हटलं, गुन्ह्याचं वाक्यही काढा. त्यावर शेजारचा टायपिस्ट हळूच म्हणाला, ते काढलं तर शंका येते.

शेवटी नोकरी घातली, गुन्हा ठेवला. चाळीस वर्षं जिल्ह्याची बोलणी जोडून दिली आणि शेवटी मी चोर नाही हे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं लागलं.

१४ जून

झुंबर म्हणतो, मॅट्रिकची झेरॉक्स अटेस्टेड पाहिजे. गॅझेटेड ऑफिसरची सही. माझ्या ओळखीचे सगळे गॅझेटेड ऑफिसर एक तर रिटायर झालेत किंवा मेलेत. बहिरू म्हणाला, आपला गुरांचा डॉक्टर गॅझेटेड हाय, आज येणारच हाय, काळी गाय बिघडलीय.

म्हणून आज गोठ्यात उभं राहून, गायीला सुई टोचून झाल्यावर, त्या डॉक्टरने त्याच हाताने माझ्या मॅट्रिकवर शिक्का मारला. पशुधन विकास अधिकारी. मूळ प्रत पाहिली, खरी आहे. गायीचा आणि माझा नंबर एकाच वहीत लिहिला.

वहिनी म्हणाली, अक्का, बरं झालं, दोघींचंही आजच उरकलं. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तिला ते कळलंही नसावं.

१७ जून

फॉर्म दिला. सोबत प्राचार्यांना इंग्रजीत एक पत्र दिलं. त्यात (अ) क्लार्कने विद्यार्थिनीशी बोलताना मान वर करावी, (ब) मावशी म्हणू नये, (क) माहितीपुस्तकाची दुरुस्त प्रत छापावी. आणि शेवटी, मुलाखतीस मी केव्हाही उपलब्ध आहे.

शुभांगीचा तास: सुरू केला. नखं तपासली. पिवळी. धुवायला पाठवली. ती आली नाही.

२० जून

पत्राचा परिणाम. मी खिडकीशी गेले तर झुंबर उठून उभा राहिला. आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मावशी म्हणाला नाही, मॅडम म्हणाला. नेमक्या शब्दांत लिहिलेल्या इंग्रजीची ताकद काय असते ते शुभांगीने येऊन बघायला हवं होतं.

चहा पिता पिता विचारलं त्याने, बहिरूशेठ तुमचे भाऊ का? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. म्हणाला, काय नाय, सहज. उद्या चेअरमन साहेबांचा वाढदिवस हाय. मी म्हटलं, अभिनंदन.

संध्याकाळी घरी बघते तर बहिरू पडवीत बसून दंडाएवढा जाड हार ओवतोय आणि टेम्पोत आणखी टोपल्या. कॉलेजचे म्हणे. वर्षभर त्यांचे सगळे सत्कार बहिरूच्याच फुलांवर होतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बजावलं त्याला, तिथे माझं नाव काढायचं नाही. माझी ॲडमिशन गुणवत्तेवर आहे, गुलछडीवर नाही. तो मान खाली घालून ओवत राहिला. म्हणाला, नाय काढत, अक्का. आता कशाला काढू.

'आता' म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

२४ जून

मुलाखतीचं पत्र नाही. पांढरी सुती साडी इस्त्री करून ठेवली आहे. उत्तरं तयार आहेत. साहित्य का शिकायचं आहे, यावर छोटं आणि मोठं अशी दोन उत्तरं, वेळ बघून कोणतं द्यायचं ते ठरवीन.

पोस्टमन नाथा फाटकाशी दिसला की मी बाहेर जाते. आज तो लांबूनच म्हणाला, बाई, नाय आलं. मग जवळ येऊन म्हणाला, कॉलेजं आता मुलाखत घेत नाय, भिंतीवर यादी लावत्यात. मी म्हटलं, सगळ्यांसाठी तसं असेल. नाथा म्हणाला, हां, तेही हाय.

२८ जून

पहिली मेरिट लिस्ट लागली. फळ्याशी इतकी रेटारेटी की माझा चष्मा एका मुलाच्या खांद्यावर गेला. पहिलं नाव घोटीच्या कोणा मुलीचं, एकसष्ट टक्के. माझ्या हिशेबाने मी ब्याण्णव. खालपर्यंत वाचलं. मग खालून वर वाचलं. माझं नाव नाही.

झुंबरला गाठलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, मॅडम, तुमचा विषय सरांनी पुण्याला विद्यापीठात विचारायला टाकलाय.

हे योग्य झालं. सामान्य विद्यार्थ्यांचं इथल्या इथे ठरतं, माझं पुण्याला. या उंचीची केस त्यांच्याकडे आजवर आली नव्हती, झुंबरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पेंटर कुंदनला बोलावून फाटकासाठी नावाची पाटी सांगितली. शकुंतला कोंडाजी जेजुरकर. पुढे दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायला सांगितली. तो म्हणाला, नाव मधोमध घेऊ, शोभून दिसेल. मी म्हटलं, सांगितलं तेवढं करा. एक्स्चेंजमधल्या दोघीचौघींना फोन करून कळवलं. इंजिनिअरच्या कानावर आपोआप जाईल.

५ जुलै

दुसरी यादी. हिच्यात सगळे. अक्षरशः सगळे. फॉर्मवर बापाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिणारा मुलगा, ज्याला मी स्वतः रांगेत खोडरबर दिलं होतं, तोही. एक जण तर म्हणे फॉर्म भरायचा विसरला होता, त्यालाही शोधून आणला. इंग्लिश स्पेशलला विद्यार्थीच मिळत नाहीत. फाटकावर फलक लावलाय, प्रवेश सुरू आहेत, त्वरा करा. त्यात त्वराचा त पुसला गेलाय.

ज्या कॉलेजने मखमलाबाद रोडवरून जाणारा येणारा आत घेतला, त्यात मी नाही.

बहिरू म्हणाला, अक्का, मी विचारू का सरांना? मी म्हटलं, तू हार ओव.

८ जुलै

प्राचार्यांना भेटले. चिठ्ठी न पाठवता आत गेले. पांढरी साडी नेसून गेले होते.

माणूस तरुण आहे, सभ्य आहे. उठून उभा राहिला. टेबलावर माझी लाल शाईची प्रत होती. म्हणाला, मॅडम, यातली एकही दुरुस्ती चूक नाही, पुढच्या वर्षी आम्ही हीच छापणार. मी मनात साहित्यावरचं मोठं उत्तर काढून ठेवलं.

मग त्याने पुण्याचं पत्र पुढे केलं. म्हणाला, तुमची मॅट्रिक अकरा वर्षांची. विद्यापीठ तिला आजच्या अकरावीइतकी धरतं. बी.ए.ला बारावी लागते.

मी म्हटलं, त्या वेळची मॅट्रिक म्हणजे आजचा एम.ए.

तो म्हणाला, मॅडम, हे लोक म्हणतात. विद्यापीठ म्हणत नाही. माझे वडीलही म्हणायचे, तेही मॅट्रिकच होते.

मी त्याला बरंच ऐकवलं. कोणत्या दर्जाचं इंग्रजी आम्हाला होतं, कोण शिकवायचं, नखं कशी तपासायचे. तो सगळं ऐकत होता. मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही त्याने, त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी म्हणाला, खरं सांगू, मला तुम्ही हव्या होत्या. झुंबरने तर तुमचं नाव यादीत टाइपही केलं होतं, बहिरूशेठचा शब्द म्हणून. मीच काढलं. आता घेतलं असतं आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने पदवी अडवली असती, तर तुम्ही मला लाल शाईने उभं आडवं केलं असतं.

म्हणजे झुंबरचा चहा गुलछडीचा होता.

म्हणाला, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरून बारावीला बसा. मार्चमध्ये परीक्षा. पास होऊन या, पहिला बाक तुमचा. मग विचारतो, पुस्तकं मिळतील ना? घरी कोणी बारावीला आहे का?

मी म्हटलं, होतं.

९ जुलै

घरी काही सांगितलं नाही. गरज नव्हती. वहिनीला मी सांगण्याआधीच माहीत होतं. झुंबर सकाळी गुलछडीच्या जुड्या न्यायला आला होता. आज म्हणे पुन्हा कोणाचा तरी सत्कार.

वहिनीने पानात साखरभात वाढला. मी विचारलं, आज काय आहे. म्हणाली, काही नाही, तांदूळ उरला होता. तांदूळ उरला म्हणून कोणी साखरभात करत नाही. याचाही राग आला.

शुभांगी मात्र गप्प बसणारी नाही. बोटांवर मोजत होती. म्हणाली, आत्या, म्हणजे तुम्ही अकरावी पास आणि मी बारावी नापास. मी एक इयत्ता पुढे. बहिरूने तिला दटावलं, पण तोंड फिरवून. त्याचे खांदे हलत होते.

ठराव: सतरा नंबरचा फॉर्म भरायचा नाही. मंत्र्यांना पत्र लिहायचं. मसुदा तयार आहे.

१० जुलै

मसुदा फाडला. रागाच्या भरात वाक्य फार लांबलं होतं.

कुंदन पाटी घेऊन आला. नाव डाव्या बाजूला कोपऱ्यात, उजवीकडे नुसता निळा रंग. वहिनीने विचारलं, इथे काय यायचंय? कुंदन म्हणाला, बाईंना माहीत. पाटी कोठीत ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

मुद्दा पदवीचा आहे. मध्ये एक बारावी आली तर आली. एम.ए.च्या पातळीच्या माणसाला बारावी म्हणजे एका दुपारचं काम. इंग्रजीत तर पंच्याण्णवच्या खाली येणं मला जमणारच नाही.

१२ जुलै

शुभांगी म्हणाली, आत्या, मग गेल्या मार्चचा पेपर सोडवून दाखवा की. माझा आहे माझ्याकडे. बरोबर तीन तास. समारंभातलं घड्याळ समोर लावून बसली. मी म्हटलं, ते पाच मिनिटं पुढे आहे. म्हणाली, कालच मिळवलं.

पेपर उघडला. पहिल्या उताऱ्यातच स्वल्पविराम चुकलेला. वाक्यरचना एखाद्या सरकारी फलकासारखी. असं इंग्रजी डोळ्यांसमोर असताना माणूस उत्तर कसं लिहील? आधी उतारा सुधारला. मग प्रश्न सुधारले. तक्ता दिला होता, त्यावरून परिच्छेद लिहा. हे इंग्रजी नाही, हे रेल्वेचं टाइमटेबल आहे, तसं बाजूला लिहिलं आणि पुढे गेले. संपादकाला पत्र मात्र असं लिहिलं की कोणत्याही वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापावं. विषय तिथे नळाच्या पाण्याचा होता, मी परीक्षा मंडळावर लिहिलं. सारांश एक तृतीयांशात करायचा होता. माझा मूळ उताऱ्यापेक्षा मोठा झाला, कारण मुळात बरंच राहून गेलं होतं. निबंधाला हात घालणार तोच तिने पेपर ओढला. वेळ संपली म्हणाली.

तपासायला बसली. गाईड उघडून, ओठ हलवत. मी म्हटलं, गाईडमधलं उत्तर चूक आहे. म्हणाली, मला माहितीय आत्या, पण मार्क त्यालाच मिळतात. मी पण आधी मनाचंच लिहिलं होतं.

सत्तावीस.

पुन्हा बेरीज करायला लावली. पुन्हा सत्तावीस. तिचे एकोणतीस होते. तिने ते बोलून दाखवलं नाही. ओळीत दोन्ही आकडे लिहिले फक्त.

पेपर काढणाऱ्याचं नाव शोधून काढायला हवं.

१३ जुलै, शनिवार

सतरा नंबरचा फॉर्म आणला. गॅप सर्टिफिकेट त्यालाही लागतं. तेच चालेल म्हणाले, गुन्ह्याच्या वाक्यासह.

शुभांगीची पुस्तकं घेतली. इंग्रजीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी झेंडूची फुलं काढलेली आहेत. बरी काढलीत. तिला म्हटलं, तुझी ऑक्टोबरची परीक्षा, माझी मार्चची. पहाटेचा तास आता नियमित झालाच पाहिजे. हो म्हणाली, फार लगेच.

१५ जुलै, सोमवार. पहाटे पाच

बरोबर पाचला शुभांगी माझ्या खोलीत आली. फुलबाजारात आज बहिरू एकटा गेला. तिने घड्याळ टेबलावर ठेवलं, गाईड उघडलं, माझ्यासमोर कोरी वही सरकवली आणि पेन काढून घेतलं. लाल नाही चालणार म्हणाली, परीक्षेत निळंच लागतं.

मग म्हणाली, आत्या, आधी नखं दाखवा.

दाखवली. लाल शाई होती. धुवायला पाठवलं.